मलाचे वजन मोजणारा सर्जन

दवाखान्यात रुग्ण डोकेदुखीविषयी मोकळेपणाने बोलतो, गुडघ्यांविषयी तर तासभर बोलेल. पण शौचाचा विषय निघाला की आवाज खाली येतो. डॉक्टरही पोट साफ होते का, एवढेच विचारून पुढे सरकतात. मल कसा असतो, किती असतो, जोर करावा लागतो का, किती वेळ बसावे लागते, हे प्रश्न राहूनच जातात. त्यामुळे मूळव्याध, फिशर आणि हर्निया शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात, पण त्यांना कारण ठरलेल्या किंवा ते वाढवणाऱ्या बद्धकोष्ठतेकडे कोणी बघत नाही. हा संकोच बाजूला ठेवून मलाचे वजन, त्याचा आकार आणि त्याचा आतड्यातला प्रवास हे विषय वैद्यकाच्या सर्वात प्रतिष्ठित नियतकालिकात नेऊन ठेवणारा माणूस पोटविकारतज्ज्ञ नव्हता. तो होता एक डोळा गमावलेला आयरिश सर्जन, डेनिस बर्किट.

एका डोळ्याचा विद्यार्थी

डेनिस पार्सन्स बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी आयर्लंडमधील एनिस्किलन या गावी झाला. वडील जिल्ह्याचे अभियंता होते आणि फावल्या वेळात पक्ष्यांचा अभ्यास करीत. रॉबिन पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून कोणता पक्षी कुठपर्यंत आपली हद्द राखतो, याचे नकाशे त्यांनी तयार केले होते. एखादी गोष्ट कुठे आढळते आणि कुठे आढळत नाही हे नकाशावर मांडले की तिचे कारण हाती लागू शकते, हा धडा डेनिस यांना घरातच मिळाला असावा. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केले, फक्त पक्ष्यांच्या जागी आजार आले.

वयाच्या अकराव्या वर्षी मुलांच्या भांडणात दगड लागून चष्म्याची काच फुटली आणि त्यांचा एक डोळा कायमचा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला तो अभियांत्रिकीसाठी. लवकरच त्यांनी वाट बदलली आणि १९३५ मध्ये ते डॉक्टर झाले. १९३८ मध्ये एडिंबराच्या रॉयल कॉलेजची सर्जनची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. आफ्रिकेत काम करायची त्यांची इच्छा होती, पण एकच डोळा असल्याच्या कारणावरून ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेने त्यांना आधी नाकारले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलात ते पूर्व आफ्रिकेत आणि तेव्हाच्या सिलोनमध्ये राहून आले. १९४३ मध्ये परिचारिका असलेल्या ऑलिव्ह रॉजर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते अखेर युगांडात रुजू झाले, आधी लिरा या लहान गावी आणि नंतर कंपालाच्या मुलागो रुग्णालयात.

जबड्याची गाठ आणि दहा हजार मैल

१९५७ मध्ये ह्यू ट्रॉवेल या सहकारी डॉक्टरांनी बर्किट यांना एक लहान मुलगा दाखवला. त्याच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली, गाठी आल्या होत्या. हा संसर्ग म्हणावा तर चार ठिकाणी एकदम कसा, आणि कर्करोग म्हणावा तरी तसाच प्रश्न. काही आठवड्यांनी जिंजा गावच्या रुग्णालयात गेले असता खिडकीतून त्यांना बाहेर अगदी तसाच चेहरा असलेले दुसरे मूल दिसले. एक रुग्ण योगायोग असू शकतो, दोन रुग्ण पाहिल्यावर त्यांना शोध घेणे भाग पडले. त्यांनी रुग्णालयाच्या नोंदी उलगडल्या, मुलांच्या पोटातल्या गाठींशी या जबड्याच्या गाठींचे नाते जोडले आणि १९५८ मध्ये पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. हाच आज बर्किट लिम्फोमा म्हणून ओळखला जाणारा कर्करोग.

तो कुठे आढळतो हे शोधण्यासाठी त्यांनी आफ्रिकेतील रुग्णालयांना पत्रके पाठवली. मग १९६१ च्या अखेरीस दोन सहकाऱ्यांसह जुन्या मोटारीतून दहा आठवडे आणि सुमारे दहा हजार मैल प्रवास केला. वाटेत रुग्णालय आले की थांबायचे, छायाचित्रे दाखवायची आणि असे मूल इथे पाहिले आहे का, असे विचारायचे. नकाशावर एक पट्टा उमटला. जिथे हवा उष्ण आणि पाऊस पुरेसा, तिथे हा आजार. उंचावरच्या थंड प्रदेशात तो नाही. मलेरियाचा पट्टाही बराचसा तोच होता. त्याच वर्षी लंडनमध्ये बर्किट यांचे व्याख्यान ऐकलेल्या अँथनी एपस्टाईन यांनी या गाठींच्या नमुन्यांचा पाठपुरावा केला आणि १९६४ मध्ये त्यांतून एपस्टाईन-बार विषाणू सापडला. माणसाच्या कर्करोगाशी नाते जोडला गेलेला तो पहिला विषाणू. कंपालात रेडिओथेरपीची सोय नव्हती, म्हणून बर्किट यांनी औषधांनी उपचार केले आणि त्यातली काही मुले दीर्घकाळ जगली. केमोथेरपीच्या इतिहासातले हे महत्त्वाचे पान आहे.

एवढ्यावर कोणीही समाधानाने निवृत्त झाला असता. बर्किट यांच्या आयुष्याचा दुसरा भाग मात्र पन्नाशीनंतर सुरू झाला.

कोंड्याचे पोते घेऊन फिरणारा कप्तान

१९६६ मध्ये ते ब्रिटनला परतले आणि लंडनमध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेत काम करू लागले. धूम्रपान आणि कर्करोग यांचे नाते सिद्ध करणारे रिचर्ड डॉल यांनी त्यांची गाठ एका विलक्षण माणसाशी घालून दिली. हे होते नौदलाचे निवृत्त सर्जन-कप्तान टी. एल. क्लीव्ह. युद्धकाळात एका युद्धनौकेवर ताज्या भाज्यांचा तुटवडा पडून खलाशांची पोटे जड झाली, तेव्हा क्लीव्ह यांनी कोंड्याची पोती मागवून खलाशांना कोंडा खायला घातला होता. साखर आणि पांढरे पीठ यांच्या अतिरेकातून बद्धकोष्ठता, मूळव्याध, मधुमेह, लठ्ठपणा असे अनेक आजार एकाच मुळातून फुटतात, असे त्यांचे म्हणणे होते. बहुतेक डॉक्टर त्यांना छंदिष्ट समजत.

बर्किट यांना मात्र आपली युगांडातली वीस वर्षे आठवली. मुलागोच्या शस्त्रक्रियागृहात त्यांनी हजारो पोटे उघडली होती. ब्रिटनमधला सर्जन रोज पाहतो ते अपेंडिक्सचे दुखणे तिथल्या खेड्यांतल्या लोकांमध्ये क्वचितच दिसे. मोठ्या आतड्याच्या भिंतीला फुगे येण्याचा विकार, म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस, जवळजवळ नव्हताच. मोठ्या आतड्याचा कर्करोग दुर्मीळ होता. त्या काळात हे इतके नित्याचे वाटले की कोणी त्याची नोंद घेतली नव्हती.

जुनी पद्धत पुन्हा कामाला आली. आशिया-आफ्रिकेतील मिशन रुग्णालयांना ते नियमित प्रश्नावल्या पाठवू लागले. गेल्या महिन्यात अपेंडिक्सचे किती रुग्ण आले, आतड्याच्या कर्करोगाचे किती, मूळव्याधीचे किती, अशी साधी विचारणा त्यात असे. उत्तरे नकाशावर मांडली की ग्रामीण, भरड अन्न खाणाऱ्या समाजांत हे आजार कमी आणि पाश्चात्य आहार शिरलेल्या शहरांत जास्त, असे चित्र दिसू लागले. क्लीव्ह यांचा भर साखर आणि पांढरे पीठ काय वाढवते यावर होता. बर्किट यांनी प्रश्न उलटा धरला. दळताना आणि चाळताना अन्नातून काय निघून जाते? निघून जातो तो चोथा, म्हणजेच तंतुमय भाग. पोषणशास्त्रात तोवर त्याला टाकाऊ समजले जात होते, कारण तो पचत नाही आणि त्यातून ऊर्जा फारशी मिळत नाही.

पिशव्या, वजनकाटा आणि क्ष-किरण

नुसत्या नकाशाने शास्त्रज्ञांचे समाधान होणार नव्हते, मोजमाप हवे होते. दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅलेक वॉकर आणि लंडनचे सर्जन नील पेंटर यांच्यासह बर्किट यांनी वेगवेगळ्या देशांतील सुमारे १,२०० लोकांची पाहणी केली. प्रत्येकाने क्ष-किरणात दिसतील अशा बारीक प्लास्टिकच्या गोळ्या गिळायच्या, नंतरचा सर्व मल पिशव्यांत गोळा करून द्यायचा. पिशव्यांचे वजन होई आणि क्ष-किरणात गोळ्या मोजल्या जात. त्यातून अन्नाला तोंडापासून गुदद्वारापर्यंत पोहोचायला किती तास लागले ते कळे.

१९७२ मध्ये लॅन्सेटमध्ये आकडे छापून आले. युगांडातील खेडुतांच्या मलाचे रोजचे वजन सरासरी सुमारे ४७० ग्रॅम होते आणि आतड्यातला प्रवास साधारण ३६ तासांचा. ब्रिटिश नौदलातील खलाशी आणि त्यांच्या पत्नी यांच्या गटात वजन भरले जेमतेम १०४ ग्रॅम, आणि प्रवासाला लागले ८३ तास, म्हणजे तब्बल साडेतीन दिवस. या पाहणीत दक्षिण भारतातील परिचारिकांचाही एक छोटा गट होता. त्यांचे आकडे मधले होते, सुमारे १५५ ग्रॅम आणि ४४ तास.

या आकड्यांचा अर्थ बर्किट यांनी असा लावला. तंतू पाणी धरून ठेवतात, मल मऊ आणि भरघोस होतो, मोठ्या आतड्याला तो पुढे ढकलायला कष्ट पडत नाहीत. तंतू कमी असले की मल कोरडा, टणक आणि थोडा होतो. त्याला पुढे सरकवायला आतड्याचे स्नायू जोर लावतात, त्या दाबाने भिंतीला फुगे येतात. शौचाला बसल्यावर जोर करावा लागतो, त्याने मूळव्याध वाढते. आणि मल दिवसेंदिवस आत राहिला तर त्यातले अपायकारक घटक आतड्याच्या अस्तराला जास्त वेळ चिकटून राहतात.

त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि लिम्फोमावरील उपचारांच्या कामासाठी त्यांना लास्कर पुरस्कारात वाटा मिळाला. पण आता ते जगभर फिरत होते ते मलाविषयी बोलायला. सभागृहात प्रतिष्ठित डॉक्टर बसलेले असत आणि पडद्यावर बर्किट मलाची छायाचित्रे दाखवत. लोक हसत, मग ऐकत. ज्या देशात मल मोठा असतो तिथे रुग्णालये लहान पुरतात, असे ते गमतीने सांगत. त्यांचे एक आवडते व्यंगचित्र होते. नळ उघडा आहे, बेसिन ओसंडून वाहते आहे आणि माणसे जमीन पुसण्यात गुंतली आहेत. नळ बंद करायचे कोणालाच सुचत नाही. आपण डॉक्टर मंडळी जमीन पुसणारी आहोत, असे हा निष्णात सर्जन इतर सर्जनांना सांगत असे. १९७९ मध्ये सामान्य वाचकांसाठी त्यांनी आहारातील तंतूंवर लिहिलेले पुस्तक खूप गाजले. कोंडा आणि अख्ख्या गव्हाचा पाव पाश्चात्य घरांत परतला, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

२३ मार्च १९९३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले.

काय टिकले, काय नाही

बर्किट यांचे सगळेच म्हणणे काळाच्या कसोटीवर जसेच्या तसे उतरले नाही. दोन समाजांत आहाराखेरीज अनेक फरक असतात. वयोमान, व्यायाम, तंबाखू, तपासणीच्या सोयी, या सर्वांचा परिणाम एकाच तंतूवर टाकता येत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील सुमारे ८८,००० परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत तंतूंमुळे आतड्याचा कर्करोग टळल्याचे दिसले नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत जास्त तंतू खाऊनही आतड्यातील पॉलिप पुन्हा होण्याचे प्रमाण तीन-चार वर्षांत घटले नाही. डायव्हर्टिक्युलोसिसचे कारणही त्यांना वाटले तितके सरळ नाही, असे नंतरचे अभ्यास सांगतात.

तरीही पारडे एकंदर त्यांच्याच बाजूला झुकले. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार रोजच्या आहारात दर १० ग्रॅम तंतू वाढले की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळतो. २०१५ मधील एका प्रयोगात ग्रामीण दक्षिण आफ्रिकी आणि आफ्रिकी वंशाचे अमेरिकन अशा दोन गटांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. तेवढ्या काळातच आतड्याच्या अस्तरातील कर्करोगाच्या धोक्याशी निगडित खुणा आहाराप्रमाणे बदलल्या. आणखी एक गोष्टही आता कळली आहे. तंतू आतड्यातील जिवाणूंचे खाद्य आहेत आणि ते आंबवताना जिवाणू ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात, ज्यावर आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतूंची शिफारस करते.

त्यांचा आणखी एक वारसा रोज वॉर्डात वापरला जातो. बर्किट आणि क्लीव्ह यांच्या विचारांनी प्रभावित झालेले ब्रिस्टलचे केनेथ हीटन आणि त्यांचे सहकारी स्टीफन लुईस यांनी १९९७ मध्ये मलाच्या आकाराचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात सात प्रकार आहेत. पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा आणि टणक, चौथा मऊ, गुळगुळीत, लांबट, आणि सातवा पाण्यासारखा. पहिले दोन प्रकार बद्धकोष्ठतेचे, तीन आणि चार चांगले. रुग्णाला शब्द सापडत नाही तेव्हा परिचारिका तक्ता पुढे धरते आणि तो बोट ठेवतो. संकोच संपतो आणि केसपेपरवर उपयोगी नोंद होते.

घरात आणि वॉर्डात

बर्किट यांच्या आयुष्यातून आपल्या घरापुरते घ्यायचे ते असे. रोज शौचाला झालीच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, ही मर्यादा निरोगी माणसांत आढळते. मल मऊ आहे का आणि जोर न करता होतो का, हे जास्त महत्त्वाचे. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, न चाळलेल्या पिठाची पोळी, सालीसकट डाळी आणि उसळी, पालेभाज्या, पेरू, हे आपले तंतू. मैद्याची बिस्किटे, पाव आणि नूडल्स त्यांची जागा घेऊ लागले की युगांडाच्या खेड्याकडून आपण लंडनकडे सरकतो. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावेत आणि पाणी पुरेसे प्यावे. कमोडवर बसताना पायाखाली छोटे स्टूल घेतले तर गुडघे वर येतात आणि उकिडवे बसण्याचा फायदा बराचसा मिळतो.

सकाळी नाश्ता किंवा चहा झाला की आतड्याची हालचाल आपोआप वाढते. ती वेळ चुकवू नये आणि आलेली वेग-संवेदना दाबू नये. शाळेतली मुले अस्वच्छ स्वच्छतागृहामुळे आणि नोकरदार स्त्रिया सोयीअभावी ती दाबतात, आणि बद्धकोष्ठतेची सवय तिथे लागते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला पाणी कमी पडत असेल आणि हालचाल नसेल तर नुसता कोंडा किंवा इसबगोल वाढवल्याने मलाचा खडा अडकू शकतो. अशा रुग्णाला काही दिवस शौचाला न होता अचानक पातळ गळती सुरू झाली, तर घरचे जुलाबाचे औषध देतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ मल झिरपत असतो आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळीने अवस्था बिघडते. म्हणून शौचाची तारीख, प्रकार आणि प्रमाण रोज लिहून ठेवावे. तीन दिवस काही झाले नाही तर परिचारिकेला किंवा डॉक्टरांना सांगावे. शक्य असेल तर बेडपॅनपेक्षा आधार देऊन खुर्चीच्या कमोडवर बसवावे, आणि पडदा ओढून रुग्णाला थोडा एकांत द्यावा. झोपून, चारचौघांत, कोणाचेच पोट साफ होत नाही. वेदनाशामक म्हणून मॉर्फीन किंवा ट्रॅमाडॉल सुरू असेल तर बद्धकोष्ठता होणारच हे धरून डॉक्टरांकडून सौम्य रेचक आधीच घ्यावे.

शौचातून रक्त, काळा मल, कारण नसताना घटलेले वजन, चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला आणि टिकून राहिलेला बदल, रक्तक्षय, ही लक्षणे असतील तर मूळव्याध समजून घरगुती उपाय करीत बसू नये. तपासणी करून घ्यावी. पोट फुगून दुखत असेल, उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल तर रेचक किंवा एनिमा न घेता थेट रुग्णालय गाठावे, कारण तो आतड्याला पडलेला अडथळा असू शकतो.

बर्किट यांच्या संशोधनाला महागडे यंत्र लागले नाही. पत्रके, नकाशा, वजनकाटा आणि ज्या विषयावर कोणी बोलत नाही त्यावर प्रश्न विचारण्याची तयारी, एवढेच त्यांच्याकडे होते. पुढच्या वेळी डॉक्टरांनी पोट साफ होते का असे विचारले, तर नुसते हो किंवा नाही म्हणून थांबू नका. किती दिवसांनी, कसे आणि किती जोर करून, हेही सांगा.